नारळाच्या पाण्याचा ठपका

सकाळी जळगावच्या घरी फोन वाजला तो धुळ्याच्या आमच्या जुन्या प्रशिक्षण संस्थेतून होता. “मॅडम, आपले यादवनाना गेले,” पलीकडचा कारकून म्हणाला, आणि मी खुर्चीत बसायच्या आत त्याने पुढचं विचारलंही. शोकसभेच्या फलकावर दोन ओळी लिहायच्या होत्या. “ ‘हौशी तंत्रप्रेमी’ असं लिहिलं तर चालेल ना? तुम्ही त्यांच्या जवळच्या होता, म्हणून विचारलं.” मी फोन ठेवून दिला. रडू नंतर आलं, आधी संताप आला. ज्या माणसाने सव्वीस वर्षं त्याच संस्थेच्या वर्कशॉपमध्ये पोरांना लोखंड कापायला शिकवलं, तो हौशी? हौशी त्यांना केलं कोणी? त्यांच्या हातातली वर्कशॉपची किल्ली काढून घेऊन त्यांना स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला कोणी बसवलं? या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. लिहू की नको, असं करत मी थांबले होते. पण फलकावर शेवटी तोच शब्द लागला असं कळलं, आणि मग मला गप्प राहवेना.

नाना मूळचे सोनगीरचे, तांबटाच्या घरातले. वडील तांब्याचे हंडे ठोकायचे, आणि ठोक्याच्या आवाजावरून पत्रा कुठे पातळ झालाय ते नानांना लहानपणापासून कळायचं. संस्थेत ते वर्कशॉपचे निदेशक, म्हणजे पोरांना हाताचं काम शिकवणारे, होते आणि मी गणित आणि ड्रॉइंग शिकवायची. वयाने मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी ते मला अक्का म्हणायचे. शिकवणारी बाई म्हणजे मोठीच, असा त्यांचा हिशेब. कार्यालयात ते शुद्ध, जपून बोलायचे. माझ्याशी आणि पोरांशी मात्र थेट घरचं खान्देशी. कानावर कायम एक शिसपेन्सिल असायची. पोराने केलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मापून बघितला की वहीत त्या मापाभोवती छोटा गोल करायचे, म्हणजे तपासलं, बरोबर. जे अजून मापलं नाही त्याच्यापुढे ‘बाकी’ लिहायचे. न मापता ते कुणाला शाबासकी देत नसत आणि न मापता कुणावर ओरडतही नसत. ही सवय आमच्या साहेब लोकांना असती, तर हा लेख मला लिहावा लागला नसता.

सात-आठ वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून संस्थेत संगणकावर चालणारं मिलिंग मशीन आलं. फिरत्या कटरने धातू कोरायचं मशीन, फक्त चाकं हाताने फिरवायची नाहीत; आकडे टाइप करायचे आणि मशीनने त्या आकड्यांवरून चालायचं. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली. मशीनला निळं कव्हर शिवलं. कंपनीच्या माणसाने नानांना दोन दिवस शिकवलं आणि तो निघून गेला. त्यानंतर प्राचार्य साहेबांचा हुकूम निघाला की ते हजर असल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. पोरांनी ते काचेबाहेरून बघायचं! वर्षभरात त्या मशीनने काय केलं, सांगू? येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव ॲल्युमिनियमच्या पाटीवर कोरलं. बाकी काही नाही. ज्यांच्यासाठी मशीन आलं त्या पोरांची बोटं त्याला एकदाही लागली नाहीत. नाना माझ्याशेजारी उभे राहून काचेतून बघायचे आणि म्हणायचे, “अक्का, मशीन वापरमा नही राह्यनं का ते गंजस. तठे कव्हर घालीसन काय फायदा?”

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, आणि नाना ती मनापासून करायचे. सगळ्या मशीनना हळदकुंकू, झेंडूची माळ. नारळ मात्र वर्कशॉपच्या पायरीवरच्या दगडावर. त्या वर्षी साहेबांनी एका मोठ्या पाहुण्यांना बोलावलं होतं. फोटोग्राफर म्हणाला, पायरीवर ऊन तोंडावर येतंय, आत काचेच्या खोलीत फोटो छान येईल. झालं! साहेबांनी कव्हर काढायला लावलं आणि पाहुण्यांच्या हातात नारळ दिला. नाना पुढे झाले. “साहेब, नारळ बाहेर फोडूया. पाणी आत जाईल.” साहेब हसले आणि म्हणाले, “यादव, देवाच्या पाण्याने काही होत नसतं.” मशीनच्या लोखंडी टेबलावर नारळ फुटला. निम्मं पाणी टेबलावर, निम्मं शेजारच्या बटणांच्या पेटीवर. नानांनी खांद्यावरच्या उपरण्याने ते पुसून काढलं आणि हात जोडून सांगितलं की दोन दिवस चालू करू नका, आतून सुकू द्या. पण पाहुण्यांना मशीन चालताना बघायचं होतं. साहेबांनी स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. आधी पडदा उजळला, मग चर्र असा आवाज आणि जळका वास... टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

महिन्याभराने चौकशीचा अहवाल झाला. त्यात लिहिलं होतं, ‘निदेशकाच्या निष्काळजीपणामुळे मशीन निकामी झाले.’ खाली तीन साक्षीदारांची विधानं, आणि त्यातली एक साक्षीदार मी. मला टाइप केलेलं वाक्य दाखवलं गेलं: ‘पूजेच्या वेळी निदेशक उपस्थित होते व मशीन त्यांच्या ताब्यात होते.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. नाना हजर होतेच, मशीन त्यांच्या ताब्यात होतंच. साहेब म्हणाले, “खरं आहे ना? मग करा सही.” मी केली. नारळ कोणी फोडला, बटण कोणी दाबलं, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. माझी बदली तेव्हा साहेबांच्या हातात होती. एवढंच कारण. दुसरं काही सांगून मी स्वतःला झाकणार नाही.

नाना स्टोअरमध्ये गेले. मला वाटलं, आता ते माझ्याशी बोलणार नाहीत. पण आठवड्याभराने तेच माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “अक्का, वर्तुळनं गणित माले परत शिकाडा. मी घरी मशीन करस.” मी हसले होते त्यांना, हे आठवलं की आजही लाज वाटते. ते मात्र ठरवून बसले होते. काचेच्या खोलीतलं मशीन मेलं होतं, पण पोरांना हे शिकायला हवंच होतं. मग आपल्या पगारात बसेल असं मशीन आपणच उभं करायचं.

नाशिकहून एक विक्रेता चकचकीत माहितीपत्रक घेऊन त्यांच्या घरी आला होता. छोटं टेबलावरचं मशीन, सोबत सॉफ्टवेअर. किंमत ऐकून नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहा न देताच आत गेल्या. पण नाना भडकले ते किमतीवर नाही. ते सॉफ्टवेअर संगणकाच्या मागे एक लहानशी डबी लावली तरच चालायचं, आणि डबी बिघडली तर पुन्हा कंपनीकडे पाठवायची. मोटारीही त्यांच्याच घ्यायच्या, दुसऱ्या चालणार नाहीत. “कुलूप त्यासनं, चावी त्यासनी, नि घर मनं? हाई कसं चाली?” असं म्हणत त्यांनी माहितीपत्रक परत केलं. तेव्हा मी शहाणपणाने सुचवलं की जुनं ड्रिल मशीन घ्या, स्वस्त मिळतं, त्यालाच कटर लावा. नाना मला हात धरून वर्कशॉपमधल्या ड्रिलपाशी घेऊन गेले आणि मला त्याचा चक, म्हणजे पातं धरणारा जबडा, आडवा हलवून बघायला लावला. तो बोटाच्या जोराने डुगडुगत होता. ड्रिलला फक्त खाली दाबायचं असतं. मिलिंगचा कटर बाजूने रेटतो, आणि त्या रेट्याला हे टिकणार नाही, असं त्यांनी समजावलं. स्वस्त म्हणून जे घेतलं ते कामाचं नसेल तर तेच सगळ्यात महाग, हे मी त्या दिवशी शिकले.

शेवटी जळगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात त्यांना हाताने चालवायचं छोटं मिलिंग मशीन मिळालं. रंग गेलेला, पण अंग भक्कम. ट्रकमधून ते धुळ्याला आणताना नाना केबिनमध्ये बसले नाहीत, मागे मशीनशेजारी उभे राहिले. मोडीत निघालेल्या मोठ्या प्रिंटरमधल्या मोटारी त्यांनी त्याच्या चाकांच्या जागी बसवल्या. या मोटारी संगणकाच्या एकेका इशाऱ्याला एकेक पाऊल फिरतात. एका कार्यालयाने टाकून दिलेला, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा संगणक मिळाला. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दोन-तीन फ्लॉपी पाठवल्या. ज्यांनी लिहिली त्यांनीच वापरून बघायला वाटलेली, प्रिंटरच्या केबलमधून मोटारी चालवणारी ही सॉफ्टवेअर होती. नानांनी ती एक-एक करून तपासली. एकाचा पडदा फार सुंदर होता, पण थांबायचं बटण दाबल्यावर ते तीन पावलं पुढे जाऊन थांबायचं. “आते जर तठे पोऱ्यानं बोट ऱ्हायतं तर?” म्हणून ती फ्लॉपी बाद. ज्याचा पडदा सगळ्यात ओबडधोबड, ते दाबल्याक्षणी थांबलं. तेच ठेवलं.

तपासायची त्यांची पद्धतही खास त्यांचीच. कटरच्या जागी ते कानावरची शिसपेन्सिल अडकवायचे, टेबलावर कागद चिकटवायचे आणि मशीनला तेच वर्तुळ दोनदा काढायला लावायचे. दुसरी रेघ पहिलीवर बरोबर बसली तर ठीक. पहिल्या दिवशी रेघा दोन आल्या आणि वर्तुळाला चार ठिकाणी पोचे आले. मी लगेच सॉफ्टवेअरला नावं ठेवली. नाना म्हणाले, “थांबा अक्का. दोष कोना शे ते पयले देखू द्या, मंग शिव्या द्या.” त्यांनी टेबल सरकवणारा स्क्रू हाताने मागेपुढे फिरवला. दिशा बदलली की टेबल हलायच्या आधी तो थोडा रिकामाच फिरत होता. दोष जुन्या झिजलेल्या नटमध्ये होता. तीन रविवार खपून त्यांनी नवा नट केला, आणि मग दोन फेऱ्यांची रेघ एकच आली. त्या एका बिचाऱ्या फ्लॉपीला जेवढा न्याय मिळाला, तेवढा नानांना त्यांच्या संस्थेत मिळाला नाही. हे मला तेव्हाच कळत होतं, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

दर रविवारी संस्थेची पोरं नानांच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊ लागली. चोपड्याहून, शिरपूरहून, कोणी डबा बांधून. आधी पेन्सिल, मग लाकूड, मग ॲल्युमिनियम. आणि कमाल ऐका! तपासणीचं पथक येणार म्हटल्यावर साहेबांनी शिपाई पाठवून त्या पोरांचे जॉब शेडमधून मागवून घेतले आणि काचेच्या खोलीत, मेलेल्या मशीनशेजारी मांडले. मी चिडून नानांना म्हटलं, देऊ नका. ते म्हणाले, “काम पोरेस्नं शे. त्यासनं नाव व्हई तर होऊ द्या.” अहवालाबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त दर खंडेनवमीला शेडबाहेर दगडावर नारळ फोडताना माझ्याकडे बघून म्हणायचे, “पानी कोठे जाई ते पयले देखनं पडस, अक्का.” ते हसून म्हणायचे. मला ते हसू सहन व्हायचं नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला धुळ्याला बोलावून घेतलं. संस्थेचं पत्र आलं होतं. नानांचं मशीन ‘एका हौशी तंत्रप्रेमीची स्मृती’ म्हणून त्यांना हवं होतं, त्याच काचेच्या खोलीत ठेवायला. “अक्का, त्या मशीन मांगी राह्यनात. देऊ का नको?” वहिनींनी विचारलं. मी शेडमध्ये गेले. मशीन पुसलेलं होतं, चकमध्ये पेन्सिल तशीच अडकवलेली. संगणकाखालच्या फळीवर नानांची फाइल होती, आणि त्या फाइलमध्ये चौकशी अहवालाची नक्कल.

नानांनी तोही जॉबसारखा तपासला होता. तारखेभोवती छोटा गोल. मशीनच्या नावाभोवती गोल. माझ्या वाक्याभोवतीही गोल होता, ‘उपस्थित होते’ आणि ‘ताब्यात होते’. तपासलं, बरोबर. माझ्यावर त्यांनी एवढाही राग ठेवला नव्हता की त्या खऱ्या वाक्याला खोटं म्हणावं... फक्त ‘निष्काळजीपणामुळे’ या शब्दापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बाकी’. इतकी वर्षं ते वाट बघत राहिले, कोणीतरी येऊन मापेल म्हणून. मापणारी मी रोज त्यांच्यासमोर चहा पीत होते.

तेव्हा आता लिहिते. त्या दिवशी मी चार हातांवर उभी होते. नारळ मशीनवर फोडू नका असं नानांनी सांगितलं, चालू करू नका असं नानांनी सांगितलं, आणि बटण प्राचार्यांनी दाबलं. हे मी संस्थेलाही सहीनिशी कळवलं आहे, आणि त्याच पाकिटात वहिनींचं उत्तर घातलं आहे: मशीन मिळणार नाही, ते वापरात आहे. ते खरंच आहे. मी असतानाच तीन पोरं डबे घेऊन आली, कागद चिकटवून त्यांनी वर्तुळ काढलं. रेघ एकच आली.

पोरं जेवायला बसली तेव्हा मी चकमधून पेन्सिल काढली. ‘बाकी’च्या पुढे लिहिलं, ‘तपासलं. चूक साहेबांची आणि माझी.’ खाली सही केली आणि पेन्सिल पुन्हा चकमध्ये बसवली.