ती खिडकी शाळेची होती

आत वाट्या मोजल्या जात होत्या. मोठ्यानं.

"नऊ, दहा, अकरा, बारा. आहेत हो सगळ्या!"

तात्यासाहेब वकिलांच्या पत्नी स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होत्या. मी ओसरीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसलो होतो. वाट्या स्वयंपाकघरात. मध्ये तीन दारं. त्या घराची ओसरीसुद्धा मी चढलो नव्हतो.

तात्यासाहेब हसले. मांडीवर माझ्या दोन वह्या होत्या. म्हणाले, "मनावर घेऊ नकोस हं. तुमच्यापैकी कुणी दारात आलं की मोजायच्या, ही घरची जुनी रीत आहे. तुझ्यावर म्हणून काही नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

बरोबर आहे! हे लिहितानासुद्धा तोंडात थुंकी साचते. वाट्या मोजणाऱ्या बाईंपेक्षा मला माझ्या त्या दोन शब्दांची किळस जास्त येते.

मी कोण, ते आधी सांगतो. आमच्या जातीचं नाव सरकारच्या कायद्यात गुन्हेगार म्हणून लिहिलेलं आहे. आम्ही काही केलं म्हणून नव्हे, जन्मलो म्हणून. सोलापूरच्या कडेला काटेरी तारेचं कुंपण घातलंय. आत आमची घरं. त्या वस्तीला सेटलमेंट म्हणतात. रोज सकाळ-संध्याकाळ हजेरी. बाहेर पडायचं तर पास काढायचा. पासावर नाव, बापाचं नाव, कुठं जायचं आणि का जायचं. बाप गिरणीत कापसाच्या गाठी फोडतो. त्यालाही पाळीवर जायला पास लागतो. आमच्या तारेतून कॉलेजात गेलेला मी पहिला. पुण्याला शिकतो. सुटीत घरी आलो की मीही रांगेत उभा राहतो आणि नाव पुकारलं की 'हजर' म्हणतो.

पुण्यात रात्रंदिवस इतरांची पुस्तकं वाचली. त्यांत आम्ही कुठंच नव्हतो. असलोच तर चोर म्हणून. म्हणून मी लिहिलं. दोन वह्या भरल्या. हजेरीची रांग. आईच्या बोटांना सुतानं पडलेल्या चिरा. बापाच्या भुवयांवरची रुई. तारेवर वाळत घातलेली लुगडी, आणि ती काढताना फाटायची म्हणून आई सुरुवात कुठल्या काट्यापासून करते ते. जे पाहिलं तेवढंच लिहिलं.

पण लिहिणं वेगळं आणि छापणं वेगळं. मध्ये माणूस लागतो. माझ्यासारख्याचं बाड पुण्याचा प्रकाशक उघडतच नाही. वर्गातली मुलं म्हणाली, "सोलापूरचाच ना तू? मग तात्यासाहेब वकिलांना धर. त्यांची चिठ्ठी म्हणजे काम झालं."

दुसरा माणूसही होता. मल्लेशम. विणकरांच्या पेठेत त्याचा छोटा छापखाना आहे. चादरींची लेबलं आणि लग्नपत्रिका छापतो. सुटी लागल्यावर आधी त्याच्याकडेच गेलो होतो. त्यानं शाईचे हात धोतराला पुसले आणि वही उघडून उभ्या उभ्याच चार पानं वाचली. मग म्हणाला, "चिठ्ठी-बिठ्ठी मी देत न्हाई बाबा. पुण्यात मला कोण वळखतंय? कागद तू आण. सुटीभर हितं बसून माज्यासंगं अक्षरांचे खिळे जुळव. पुस्तक तुज्या हातात देतो. इकायचं तुजं तू बग की."

मी नाक मुरडलं. लग्नपत्रिकांच्या यंत्रावर माझं पुस्तक! मला पहिल्या पानावर पुण्याचं नाव हवं होतं. तात्यासाहेबांची प्रस्तावना हवी होती. त्यांच्या ओसरीवर खुर्च्या होत्या. मल्लेशमकडं एक मोडका बाक. मी खुर्च्या निवडल्या. बसायला मिळाली पायरी.

त्या दिवशी वाट्या मोजून झाल्यावर तात्यासाहेब कामाचं बोलू लागले.

"भाषा स्वच्छ आहे रे तुझी. पण हीच अडचण आहे. वाचकाला वाटेल, ह्यांच्यातला आणि असं लिहितो? शिवाय यात चोरी कुठंय?"

"चोरी नाही."

"तेच म्हणतो मी. मग लोकांनी वाचायचं कशासाठी? एक प्रकरण घाल. बापानं तुला पहिली चोरी कशी शिकवली. तेवढं घातलंस तर उद्या चिठ्ठी देतो."

"बापानं शिकवली नाही."

ते पुढं वाकले. आवाज अगदी मायेचा. "अरे, शिकवली असेलच. आठव."

आठव! जणू मीच माझ्या घरचं काही विसरलो होतो, आणि त्यांना ते माहीत होतं.

तिथंच उठायला हवं होतं. मी उठलो नाही. वह्या घेतल्या, घरी आलो आणि आठवायला बसलो. खरंच बसलो. तीन दिवस. चोरी सापडेना. सापडली एक खिडकी.

मी सहा वर्षांचा होतो. त्या दिवशी सेटलमेंटचा साहेब तपासायला आला म्हणून हजेरी लांबली. मराठी शाळा तारेच्या बाहेर, अर्ध्या कोसावर. बाप मला खांद्यावर घेऊन पळाला. पोचलो तर दार बंद. उशिरा आलेल्या पोराला मास्तर दिवसभर आत घेत नसत. बाप शाळेच्या मागं गेला. खिडकी उंच होती. त्यानं मला दोन्ही बगलांत धरून वर उचललं आणि आत सोडलं. मला छड्या बसल्या. पण मी आत राहिलो. खिडकीशी बराच वेळ त्याचं पागोटं दिसत होतं.

मी ती खिडकी घेतली. बापाचे हात तेच ठेवले, बगलांतली पकड तीच ठेवली, पागोटंही ठेवलं. फक्त शाळा काढली आणि तिथं सावकाराचं घर घातलं. मास्तराच्या जागी झोपलेली म्हातारी. मी आत उतरतो, तिच्या उशाची चांदीची डबी उचलतो, बाप बाहेर पहारा देतो.

छान जमलं होतं. हेच सांगायला जीभ जड होते. सगळ्या बाडात तेच प्रकरण सगळ्यांत छान जमलं होतं.

तात्यासाहेब खूष झाले. रविवारी तिसऱ्या प्रहरी त्यांनी मित्रांना बोलावलं आणि माझं लेखन वाचून दाखवायचं ठरवलं. ही गोष्ट बापाला कळली. तो म्हणाला, "माज्या पोराचं पुस्तक मोठी माणसं वाचणार, आन् मी घरी बसू? मी बी येतो की." मी नको म्हणालो. का, ते सांगू शकलो नाही. त्यानं स्वतःचा पास काढला. डोक्याला पाणी लावून केसांतली रुई काढली. पागोटं धुतलं.

ओसरीवर पाच-सहा जण खुर्च्यांवर. खाली पायरीवर आम्ही दोघं. बाप दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, फोटो काढायला बसावं तसा.

तात्यासाहेबांनी हजेरी वाचली नाही. आईची बोटं वाचली नाहीत. थेट ती खिडकी वाचली. रंगवून वाचली. मी मान खाली घातली. मला फक्त बापाचे हात दिसत होते. 'बगलांत धरून' हे शब्द आले तेव्हा ते हात हलले. सावकाराचं नाव आलं तेव्हा थांबले.

वाचन संपलं. एक गृहस्थ खुर्चीतून वाकून बापाचे हात पाहू लागले. बाजारात बैलाचे दात पाहतात तसे.

"काय रे, ह्याच हातांनी घातलंस ना पोराला आत?"

बापानं माझ्याकडं पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं. मी काय केलं आणि कशासाठी केलं, तेही. मग त्यानं त्या गृहस्थाकडं तोंड वळवलं.

"व्हय जी. मीच घातलं."

"आणि डबी?"

"तीबी मीच आणाया लावली."

माझ्या पुस्तकासाठी माझा बाप चोर झाला. पायरीवर बसून, धुतलेलं पागोटं घालून. गृहस्थ हसले. "पाहा, कसा निर्ढावलेला आहे! लाज म्हणून नाही." दुसरा म्हणाला, "पण मुलगा प्रामाणिक हो." तात्यासाहेब म्हणाले, "म्हणून तर मी त्याला हाताशी धरलंय." आणि आतून आवाज आला, "चार, पाच, सहा…"

मी उठलो आणि ओसरी चढलो. पहिल्यांदाच. तात्यासाहेबांच्या मांडीवरची वही उचलली. ते मागं सरकले. माझा स्पर्श नको म्हणून की भीती म्हणून, कोण जाणे.

मी म्हणालो, "हे खोटं आहे. ती खिडकी शाळेची होती. मला शाळेत घातलं त्यांनी. डबी नव्हती. म्हातारी नव्हती. तुम्ही आठव म्हणालात, म्हणून मी रचलं."

मी ती पानं फाडली. सगळ्यांसमोर एकेक करून फाडली आणि तुकडे खिशात घातले. बापाची एवढीशी बदनामीसुद्धा त्या ओसरीवर मागं ठेवायची नव्हती.

तात्यासाहेबांना वाचा फुटली. "उपकाराची जाण नाही. अरे, माझ्याशिवाय पुण्यात तुला विचारतो कोण?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "ते मला माहीत आहे."

बापाला उठवलं आणि निघालो. आतलं मोजणं थांबलं होतं.

वाटेत तळं लागलं. तिथं बाप थांबला. पाण्याकडं बघत म्हणाला, "सावकार घातलास, डबी घातलीस, आसूदे. मला कोण काय बी म्हनतं. पर साळा का काढलीस रं? तेवडंच तर केलं हुतं मी."



दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर मी पासाच्या कारकुनापुढं उभा राहिलो. रात्रपाळीला जाणाऱ्या एकाच्या हाती मल्लेशमला निरोप धाडला होता. सकाळी त्याचा उलट निरोप आला होता, "ये की. बाक हाय, लेबलं बाजूला सारतो."

"कुठं जायचं?" कारकुनानं विचारलं.

"छापखान्यात."

"कारण?"

"पुस्तक छापायला."

"कुणाचं?"

"माझं."

त्यानं वर पाहिलं. हसला. आणि लिहिलं, 'मजुरीसाठी'.

आजवर असं कितीदा झालं असेल. तो लिहील ते कारण, तो म्हणेल ते काम. पास हातात पडला की आम्ही निघायचो. कागदावर काय लिहिलंय, याच्याशी आम्हाला काय करायचं होतं?

मी म्हणालो, "ते खोडा. पुस्तक छापण्यासाठी, असं लिहा."

"शहाणा झालास? जायचंय की नाही तुला?"

"जायचंय. खरं कारण लिहून जायचंय."

"मग बस तारेच्या आत."

मी आत बसलो. ही गोष्ट नऊ दिवसांपूर्वीची. रोज हजेरी झाली की त्या टेबलापुढं उभा राहतो. तो विचारतो, मी तेच सांगतो. तो मजुरी लिहितो, मी पास घेत नाही. रांगेतले लोक आधी हसायचे. आता थांबून ऐकतात. काल बाप पाळीला उशीर करून माझ्याशेजारी उभा राहिला. नुसता उभा राहिला.

मधल्या वेळात ते प्रकरण पुन्हा लिहून काढलं. शाळा परत घातली, मास्तर घातले, छड्या घातल्या. त्यानंतर एक नवं प्रकरण लिहिलं, त्यात ती ओसरी आहे, बारा वाट्या आहेत आणि माझं 'बरोबर आहे' आहे. ते मी गाळणार नाही.

कॉलेज उघडायला बारा दिवस राहिलेत. बारा दिवसांत जमलं नाही तर कॉलेज थांबेल. माझ्या पुस्तकासाठी कुणाची चिठ्ठी आता मी मागणार नाही, आणि त्या कागदावर माझ्या कामाचं नाव दुसऱ्या कुणाला ठरवू देणार नाही. उद्या सकाळी हजेरी आहे. नाव पुकारलं की हजर म्हणेन. मग टेबलापुढं जाईन. तो खरं कारण लिहीपर्यंत तिथून हलणार नाही.