बाजाराच्या दिवशीची गोळी

आरमोरीत बाबूभाईंच्या औषधांच्या दुकानात नुसती चिठ्ठी दाखवून गोळ्या मिळत नाहीत. घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून आणा, काउंटरवर ओता, कोणती कधी घेता ते सांगा, मग पुढचं. मी रिटायर मास्तर, बीपीचं जुनं गिऱ्हाईक. माझीही उलटतपासणी होते आणि मी दर वेळी चिडतो. माणूस डोकं खातो, पण जीव लावून.

कमळाबाईंना सांधेवातासाठी डॉक्टरांनी आठवड्याला एकच गोळी लिहून दिली होती. रोज घेतली तर तीच गोळी जिवावर उठते. बाईंच्या लक्षात वार राहत नाहीत, म्हणून बाबूभाईंनी सोपं करून सांगितलं, बाजाराच्या दिवशी घ्यायची. बारा गोळ्या दिल्या, तीन महिन्यांच्या.

अकराव्या दिवशी कमळाबाईंची सून रंजीता मलम मागायला आली. सासूच्या तोंडात फोड आलेत, पाणीही गिळवत नाही म्हणाली. मलम काढता काढता बाबूभाई थांबले. त्या गोळ्या किती उरल्या, त्यांनी विचारलं. दोन, ती म्हणाली.

दुकान तसंच टाकून ते माझ्या गाडीवर बसले. माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला होता की मलाही भीती वाटू लागली. कमळाबाई खाटेवर पडल्या होत्या. अंगात ताप, हिरड्यांतून रक्त. रोज काऊन घेतली, बाबूभाईंनी विचारलं.

"तुमीच सांगतलं नं भाऊ, बाजाराच्या दिवशी," त्या कशाबशा बोलल्या. "माहा त रोजच बाजार रायते."

सुके झिंगे विकणारी बाई. आज या गावचा बाजार, उद्या त्या. वर्षानुवर्षं तिच्याकडून झिंगे घेणारे बाबूभाई हे विसरले होते, आणि त्यांनी गोळ्या दिल्या त्या दिवशी दुकानात बसून मीही मान डोलावली होती.

गडचिरोलीच्या दवाखान्यात रोज रक्त तपासत होते. चार दिवस पांढऱ्या पेशी कमीच होत गेल्या. बाबूभाई बाहेरच्या बाकावरून उठले नाहीत.

"मास्तर, मीच मारलं तिले," ते म्हणाले.

आठव्या दिवशी पेशी वाढल्या. कमळाबाई वाचल्या.

सुट्टी झाली तेव्हा सिस्टरनं नव्या गोळ्या दिल्या, नीट समजावूनही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि पाकीट बाबूभाईंपुढं धरलं.

"भाऊ, तुमी सांगा. कधी घेऊ?"

बाबूभाईंनी पाकीट हातात घेतलं. तीस वर्षं ज्याला त्याला हेच सांगत आलेला माणूस, पण त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "मास्तर, तुमी सांगा."