देवळाच्या भोंग्यावरची कादंबरी

आमच्या गावानं अख्खी एक विज्ञान कादंबरी वाचली, असं तिथले लोक अजूनही सांगतात. धादांत खोटं आहे. गावानं ती वाचली नाही, धड ऐकलीही नाही. गावानं तिचं पारायण लावलं. ही नव्वदीच्या दशकातली, श्रीगोंद्याकडच्या उसाच्या पट्ट्यातली गोष्ट. मी बारावी होऊन डी.एड.च्या प्रवेशाची वाट बघत घरी बसले होते, आणि त्या तमाशात पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर होते. म्हणून सांगते.

कल्पना तालुक्याच्या एका साहेबांची. प्रत्येक गावानं मिळून एक पुस्तक वाचावं, पहिलं पुस्तक विज्ञानाचं असावं, म्हणजे गाव विज्ञाननिष्ठ होईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. गोळी घेतली की ताप उतरतो, तसं. त्यांनी एक कादंबरी निवडली आणि तिच्या प्रतींचं खोकं जीपमधून ग्रामपंचायतीत पाठवलं. प्रती घरोघरी फिरवायच्या आणि मग सगळ्यांनी बसून चर्चा करायची, असा त्यांचा बेत होता. सरपंचांनी खोकं कपाटात ठेवून कुलूप घातलं. "पुस्तकं फाटली तर जबाबदार कोन?" एवढंच ते म्हणाले. कुलूप लागायच्या आत शाळेच्या हेडमास्तरांनी दोन प्रती काढून घेतल्या होत्या, त्या तेवढ्या बाहेर राहिल्या.

आता एका पुस्तकात अख्खं गाव कसं बसवायचं? त्याचं उत्तर गावाला पिढ्यानपिढ्या पाठ होतं. मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला. देवळाच्या ओट्यावर चौरंग मांडला, चौरंगावर पुस्तक ठेवलं, आणि सात दिवस रोज संध्याकाळी वेगळ्या माणसानं वाचायचं ठरलं. कुणीतरी पुस्तकाला तांबडं फडकं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी उदबत्ती आली. मुखपृष्ठावर अंतराळयानाचं चित्र होतं, त्या यानाच्या टोकाला कुणीतरी कुंकवाचं बोट टेकवलं. साहेबांनी ते पाहिलं आणि "लोकसहभाग आहे" म्हणून मान डोलावली.

पहिल्या दिवशी वाचायला सोसायटीचे चेअरमन बसले. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली, म्हणजे खरोखरच पहिल्या पानापासून. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, सर्व हक्क स्वाधीन, सगळं एका दमात आणि एका सुरात. पान संपलं की पानाचा आकडाही वाचायचे. बायका खाली बसून वाती वळत होत्या, म्हातारे खांबाला टेकून पेंगत होते, आणि प्रकरण संपलं की सगळे दचकून "बजरंगबली की जय" म्हणत होते. तो तारा पृथ्वीपासून कित्येक प्रकाशवर्षे दूर आहे, असं एक वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा झाली ती एवढीच, की हा प्रकाश वर्षे कुठला? एकानं तर छातीठोक सांगितलं, "कोपरगावाकडं वर्षे आडनावाची घरं हायेत." साहेबांना हवी होती ती चर्चा ही.

खरं तर कादंबरी चांगली होती. दूरच्या एका ग्रहावरचं पाणी आटतं आणि तिथले जीव निवारा शोधत आपल्या माळरानावर उतरतात. हिरवी कातडी, हाताला सहा बोटं. गावकरी आधी काठ्या काढतात, मग हळूहळू निवळतात. शेवटच्या प्रकरणात गाव त्यांना राहायला जागा देतं आणि आपल्या पंगतीत जेवायला बसवतं. हे मला माहीत होतं, कारण दुसरी प्रत माझ्याकडं आली होती आणि मी ती चार वेळा वाचली होती.

ती आली कशी तेही सांगते. शेवटचं प्रकरण मी वाचावं असं हेडमास्तरांनी ठरवलं होतं. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मीच आणायची, त्यामुळे माझा आवाज त्यांना ठाऊक होता. प्रत द्यायला ते ओढ्याच्या पलीकडं, आमच्या बौद्धवस्तीत, आमच्या दारात आले. आईनं चहा टाकते म्हटलं तर म्हणाले, "नको, आज उपास आहे." आमच्याकडं आले की त्यांचा हमखास उपास असायचा.

वडिलांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. ते साखर कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांचं आयुष्य दोन भोंग्यांवर चालायचं. एक कारखान्याचा, पाळीचा. दुसरा मारुतीच्या देवळाचा, कळसाच्या खाली बांधलेला आणि कुणाच्या तरी हौसेनं तोंड नेमकं आमच्या वस्तीकडं केलेला. पहाटेचा काकडा, सप्ताहातली कीर्तनं, निवडणुकीच्या घोषणा, कुणाची म्हैस सुटली त्याची खबर, सगळं आमच्या कानात ओतलं जायचं. वडील अंगणात बाज टाकून बसायचे, तो भोंगा समोर दिसायचा.

"जलमभर त्यांचंच ऐकलं," ते म्हणाले. "एकदा तरी त्या भोंग्यातनं आपल्या घरातला आवाज आला पायजे."

त्या दिवसासाठी त्यांनी पाळी बदलून घेतली. मांडवात या म्हटलं तर नको म्हणाले. "मांडवात कुनीबी ऐकंल. मला हितंच बसून ऐकायचंय." शेवट काय होतो हेही मला सांगू दिलं नाही. रोज संध्याकाळी शेरडांपुढं उभी राहून मी ते प्रकरण मोठ्यानं घोकायचे, तेव्हा ते उठून ओढ्याकडं निघून जायचे.

सातव्या दिवशी आईची पांढरी साडी नेसून मी मांडवात गेले. ओट्यावर साहेब हार घालून खुर्चीत बसलेले, शेजारी चेअरमन, हेडमास्तर. मी पहिल्या पायरीशी पोचले आणि सरपंच लगबगीनं खाली आले.

"पोरी, तू हितं खालीच हुबं राहून वाच."

"का?"

"न्हाई, आमचं काय न्हाई गं. पन देवळाचा ओटा हाय, वर पोथी मांडलेली. उगं कुनी काय बोलाय नको. तुलाच तरास व्हईल."

बघा, माझ्याच काळजीपोटी! पोथी म्हणे. सात दिवसांपूर्वी ते छापखान्यातून आलेलं, खळीचा वास मारणारं पुस्तक होतं. ह्यांनी त्याला फडकं गुंडाळलं आणि फडक्यासोबत सगळे नियमही आपोआप गुंडाळले गेले. मला त्यांच्या मारुतीशी काही कर्तव्य नव्हतं. आमच्या आजोबांनी छप्पन सालीच घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. मला त्या ओट्यावर फक्त एक कादंबरी वाचायची होती.

मी हेडमास्तरांकडं पाहिलं. ते घड्याळाला चावी देऊ लागले. मी साहेबांकडं पाहिलं. काय चाललंय ते त्यांना ऐकू गेलं होतं.

"अगं, कार्यक्रम महत्त्वाचा," ते समजुतीनं म्हणाले, "जागेचं काय एवढं?"

"मग तुमची खुर्ची खाली घ्या ना साहेब."

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. शेजारच्या चेअरमननाही वाटला.

मी तिथूनच माघारी फिरणार होते. पाय वळलेसुद्धा होते. पण ओढ्यापलीकडं वडील बाजेवर बसले होते, पाळी बदलून, त्या भोंग्याकडं डोळे लावून. मी गेले असते तर त्यातून पुन्हा चेअरमनांचाच आवाज आला असता. मी माइकवाल्याला म्हटलं, "वायर खाली घ्या."

वायर जेमतेम पायरीखाली पोचली, जिथं सगळ्यांनी चपला काढल्या होत्या तिथं. चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहून मी वाचलं. वरची पोथी फडक्यातच राहिली, मी माझी प्रत उघडली. राग एवढा होता की आवाज कापेल असं वाटत होतं, पण उलट तो खणखणीत लागला. वाती वळायच्या थांबल्या. पहिल्यांदाच त्या मांडवात कादंबरी कुणीतरी ऐकत होतं. पंगतीचा प्रसंग आला. गावातला सगळ्यात हट्टी म्हातारा उठतो, त्या हिरव्या पाहुण्याचा सहा बोटांचा हात धरतो आणि त्याला आपल्या शेजारी बसवतो. मी मान वर करून पाहिलं तर सरपंच उपरण्यानं डोळे पुसत होते. दूरच्या ग्रहावरून आलेल्या पाहुण्यासाठी! मला अजून त्या उपरण्याची किळस येते.

नारळ फुटला, जयजयकार झाला. साहेबांनी परका आपला कसा होतो यावर भाषण केलं. मग महाप्रसाद. सरपंच मला म्हणाले, "तुमच्या वस्तीचं भांडं घिऊन या, वाढून देतो." मी भांडं घेऊन परत गेले नाही.

अंगणात वडिलांभोवती अर्धी वस्ती जमली होती. "एक अक्षर वाया गेलं न्हाई," ते पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू कादंबरी त्यांनीच लिहिली होती. कुठं उभी राहून वाचलं, ते मी सांगितलं नाही. त्यांचा तो चेहरा मला मोडायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कुणीतरी ते त्यांच्या कानावर घातलंच. वडील पाळीवरून आले, पाय धुतले, बाजेवर बसले.

"खाली हुबं राहून वाचलंस म्हनं? चपलांपाशी?"

"हो."

त्यांनी कळसाकडं पाहिलं. मग म्हणाले, "तू कुटंबी हुबी ऱ्हा. आवाज तर त्यांच्या कळसावरनंच आला न्हवं?"

"दादा, मला कळस नको होता," मी म्हटलं. "मला तो ओटा हवा होता." आणि इतका वेळ धरलेलं रडू आलं.

तेवढ्यात समोरचा भोंगा खरखरला. वाचन सप्ताह पार पडला म्हणून सरपंच समस्त ग्रामस्थांचे आभार मानत होते. मग त्यांनी वाचकांची नावं घेतली, चेअरमनांपासून ओळीनं. वडिलांनी हात वर करून मला गप्प केलं आणि कान देऊन ऐकत राहिले. सहा नावं झाली. मांडववाल्याचे आभार झाले, माइकवाल्याचे झाले, नारळ देणाऱ्याचेही झाले. मग भोंगा बंद झाला.

वडील उठले. त्यांनी बाज उचलली, घराच्या मागच्या बाजूला नेऊन टाकली आणि देवळाकडं पाठ करून बसले. पुढं ती बाज अंगणात कधीच आली नाही.