झेंडू नावाची माशी

सॅमनकाकांनी जन्मात कधी मासा खाल्ला नाही. मी त्यांच्या घरी राहायला गेले तेव्हा ते अकरा वर्षं सॅमन माशाच्या मागे होते आणि एकही सॅमन त्यांच्या हाती लागला नव्हता. तरी लीड्समधली सगळी मराठी मंडळी त्यांना सॅमनकाकाच म्हणत. गणपतीच्या आरतीनंतर कोणीतरी हमखास विचारायचं, "काय सॅमनकाका, यंदा?" काका प्रसादाची वाटी सांभाळत म्हणायचे, "यंदा पाणी चांगलं आहे." अकरा वर्षं पाणी चांगलंच होतं.

काका मूळचे वाईचे. लीड्समध्ये त्यांनी तीस वर्षं बस चालवली. काकू त्याच बसवर कंडक्टर होत्या. त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही भाड्याने राहायचो. आमचे हे एका हॉटेलात स्वयंपाकी होते, सकाळी जायचे ते उशिरा यायचे. मी देवगडकडची, चौथी पास. इंग्रजी येत नव्हतं आणि मराठीही कोणाशी बोलायला धजत नव्हते. गावी फोन लावायचं कार्ड आणायलासुद्धा ह्यांच्या सुट्टीची वाट बघायचे. खाली काकू एकट्या आहेत असं वाटलं तरच मी जिना उतरायची.

एका सकाळी मी खाली आले तर काका जिन्याशी उभे. त्यांनी हात पुढे केला. तळहातावर दोन किडे होते. मी दचकून मागे सरले, मग नीट पाहिलं तर ते किडे नव्हते. बारीक गळावर पिसं, केस आणि रंगीत दोरा गुंडाळून केलेल्या त्या माश्या होत्या.

"कोणती?" काकांनी विचारलं.

मी म्हणाले, "कोणतीही."

"कोणतीही नावाची माशी माझ्याकडे नाही."

"तुम्ही म्हणाल ती."

"मी म्हणणार असतो तर तुला कशाला विचारलं असतं?"

हीच त्यांची सवय. नदीवर जायच्या आदल्या दिवशी दोन माश्या तळहातावर घ्यायच्या आणि समोर येईल त्याला विचारायचं. पोस्टमनला विचारायचे, डॉक्टरांना विचारायचे. पण माझ्या उत्तरासाठी ते थांबून राहायचे. मी त्या दिवशी कशीबशी काळीकडे बोट दाखवलं. काकांनी ती टोपीला खोचली आणि मला "थँक यू" म्हणाले. मी काहीतरी निवडावं आणि कोणीतरी ते घेऊन बाहेर पडावं, असं त्याआधी कधी झालेलं मला आठवत नाही.

पुढे मला त्या सगळ्याची गोडी लागली. आमच्याकडे गळाला कोळंबी लावतात, म्हणून मी एकदा धीर करून विचारलं, "काका, ह्याला खायचं काही का लावत नाही?"

"अगं, तो खातच नाही. समुद्रातून नदीत शिरला की सॅमनचा उपास सुरू. अंडी घालून होईपर्यंत काही नाही."

"मग माशी का धरतो?"

"चिडतो म्हणून. किंवा जुनी सवय म्हणून. मोठमोठे लोक भांडतात यावर."

काकू आतून म्हणाल्या, "उपासवाल्याला पकडायला उपासवालाच निघालाय. दोघंही उपाशीच राहणार."

माश्यांची इंग्रजी नावं माझ्या लक्षात राहीनात, म्हणून काकांनी माझ्यासाठी नवी नावं ठेवली. लाल-पिवळी ती हळदकुंकू. काळी, चंदेरी तार गुंडाळलेली, ती काजळ. हिरवी कढीपत्ता. मग नियम सांगितले. पाणी वाढलेलं आणि थंड असलं की माशी मोठी आणि जड, पाणी उतरलं की लहान. गढूळ पाण्यात भडक रंग, नितळ पाण्यात काळासावळा. थंडीत बुडणारी दोरी, उन्हाळ्यात तरंगणारी. "एवढे नियम पाळूनही मासा येत नाही," काका म्हणायचे, "पण आला नाही तर आपली चूक नव्हती एवढं समाधान राहतं."

हे सगळं लिहून ठेवायचं काम त्यांनी मला दिलं. एक शाळेची वही आणली आणि चार रकाने आखले: पाणी, वारा, माशी, मासा. नदीवरून आले की ते बूट काढता काढता सांगायचे आणि मी लिहायची. चौथीनंतर माझ्या हाताला पेन लागलं ते तेव्हा. पहिल्या तीन रकान्यांत दर वेळी नवं काहीतरी असायचं. चौथ्यात मी न विचारताच "नाही" लिहायची.

सामान घेणं हा काकांचा खरा सण. बसस्टँडच्या मागे गळ-दोऱ्यांचं एक दुकान होतं. नवी काठी घ्यायची म्हणून आम्ही तिघं तिथे लागोपाठ तीन शनिवार गेलो. दोन्ही हातांनी धरायची, पंधरा फुटांची काठी. दुकानात मावेना म्हणून काका ती फुटपाथवर नेऊन हलवून बघायचे आणि लोक वाकून जायचे. मग मला धरायला द्यायचे. "टोक नको बघू. मुठीत काय वाटतं ते सांग." एक काठी हातात आडमुठी वाटली, दुसरी डोलकाठीसारखी जड. तिसरी हलकी होती आणि हलवली की शेंड्यापर्यंत हललेलं कळायचं. दुकानदार मला म्हणाला, "टेक युअर टाइम, लव्ह." मी लाजून काठी खाली ठेवली.

काका म्हणाले, "घाबरू नकोस. यॉर्कशरमध्ये सगळ्यांना लव्ह म्हणतात. मला बसमध्ये बायका रोज म्हणायच्या."

"म्हणूनच तीस वर्षांत रजा घेतली नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि मला बघायला आलात तेव्हा दहा मिनिटांत होकार दिलात. या काठीला तीन शनिवार?"

"काठी रोज हातात धरायची असते."

"बघ सुमन, बघ," काकू म्हणाल्या, पण हसू त्यांनाच आवरेना. मी तिसऱ्या काठीवर हात ठेवला आणि तीच घरी आली.

दुसऱ्या एका दिवशी काकू न्हाणीघराचं दार उघडून किंचाळल्याच. काका छातीपर्यंतची रबरी विजार घालून, टोपीसकट, भरलेल्या टबात उभे होते. विजारीला कुठे भोक आहे ते शोधत होते. "डावा पाय ओला लागतोय," ते गंभीरपणे म्हणाले. "सुमन, वहीत लिहून ठेव." मी लिहिलं. चौथ्या रकान्यात "नाही" लिहिलं. ते वाचून काका टबाच्या कडेवर बसून हसत राहिले.

मासा येत नव्हता असं नाही. आठ-दहा वेळा तरी माशीला लागला होता. पण दोरीला ओढ जाणवली की काका काठी खाडकन वर उचलायचे आणि माशी माशाच्या तोंडातून निसटायची. सॅमन माशी धरून वळेपर्यंत थांबायचं, हे त्यांना पुस्तकासारखं पाठ होतं. हाताला पाठ नव्हतं. काकू म्हणायच्या, "मी दोन बेल दिल्याशिवाय तीस वर्षांत तुम्ही बस हलवली नाहीत. मग माशाची एवढी कसली घाई?"

"तिथे तू होतीस ना मागे," काका म्हणायचे.

मग दोन गोष्टी झाल्या. काकांचा हात कापायला लागला आणि त्यांना माश्या बांधता येईनात. आणि गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, हा हंगाम शेवटचा, पुढे वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. त्यांच्या मुलीने तर दिवाळीनंतर दोघांनी कायमचं तिच्या घरी स्टॅनमोरला यायचं हे ठरवूनच टाकलं. काका माश्यांचा डबा उघडून बसायचे आणि परत बंद करायचे. "यंदा पाणी चांगलं आहे" हे वाक्य त्यांनी बंद केलं, तेव्हा मला काळजी वाटली.

मी म्हणाले, "काका, मी बांधू?" गावी मी शेवंतीच्या वेण्या बांधायची. दोरा चिमटीत कसा ताणून धरायचा ते हातात होतं. टेबलाला लावलेल्या छोट्या पकडीत काकांनी गळ बसवला आणि ते शेजारून सांगत राहिले. पहिली माशी झाडूसारखी झाली, दुसरी बरी, सहावी काकांनी उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली. ऑक्टोबरच्या पाण्यात पानं कुजून पाणी चहासारखं होतं, तेव्हा केशरी रंग चालतो असं ते म्हणाले. केशरी दोरा संपला होता. माझ्या एका जुन्या साडीच्या पदराला केशरी रेशमाचे गोंडे होते, त्यातला एक मी सोडवला आणि त्याची शेपटी केली. दसरा जवळ आला होता. काकांनी नाव दिलं, झेंडू.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिघं उत्तरेकडच्या नदीवर गेलो. काकांचा नदीवरचा तो शेवटचा दिवस होता. ते आधीच म्हणाले होते, "मासा मिळाला तर तो सुमनचा. आम्हाला काय करायचाय?" म्हणून मी पहाटे उठून खोबऱ्याचं वाटण केलं, त्यात गावाहून आलेली तिरफळं घातली, आणि स्टीलचा डबा भरून बरोबर घेतला. काकूंनी तो बघितला आणि फक्त म्हणाल्या, "तुझी श्रद्धा मोठी."

काठावर काकांनी हात पुढे केला. एका बाजूला काजळ, एका बाजूला झेंडू. 

"कोणती?"

मी पाणी बघितलं. "झेंडू," मी म्हणाले. या वेळी बोट दाखवलं नाही.

दोन तास काही झालं नाही. काका मांडीभर पाण्यात, टेकायच्या वेगळ्या काठीचा आधार घेत एकेक पाऊल खाली सरकत होते. दोरी तिरकी पलीकडे टाकायची, प्रवाहाने फिरून काठाला येऊ द्यायची, पुन्हा टाकायची. मग एका दगडापाशी दोरी थबकली. काकांचे खांदे वर आले. आता ते उचलणार हे आम्हा दोघींना मागून दिसत होतं.

काकू उठून उभ्या राहिल्या आणि बसमध्ये ओरडायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "थांबा."

काका थांबले. दोरी ताणत गेली.

"टिंग," काकू म्हणाल्या. मग जरा वेळाने, "टिंग."

काकांनी काठी उचलली आणि ती कमानीसारखी वाकली.

पुढची वीस मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. रीळ करकरत होतं, मासा एकदा अख्खा पाण्याबाहेर आला, काकू "डावीकडे घ्या, डावीकडे" करत काठावरून चालत होत्या, आणि मी जाळं घेऊन चपलांसकट पाण्यात शिरले होते. मीच तो जाळ्यात घेतला. माझ्या हाताएवढा लांब, तांब्यासारखा लालसर. काका पाण्यात गुडघे टेकून बसले होते. रडत होते की हसत होते, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"सुमन, तुझा," ते म्हणाले. "काय करायचं? तू सांग."

मी खाली बघितलं. तोंड लहान होतं आणि पोट मऊ, भरलेलं. मादी होती, गाभोळीने, पोटातल्या अंड्यांनी जड झालेली. माझे बाबा होडीवर जायचे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही आणि पोटाखाली अंडी घेतलेली खेकडी जाळ्यात आली तर हळूच परत टाकायची, हे त्यांचं ठरलेलं. "तिला अजून काम आहे," असं म्हणायचे. ही तर एवढ्या लांबून, उपाशीपोटी, त्याच कामाला निघाली होती. काठावर माझा वाटणाचा डबा दिसत होता. तिरफळांचा वास मला तिथपर्यंत येत होता.

"सोडू या," मी म्हणाले. "तिला अजून काम आहे."

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांनी माशी काढून घेतली. मी तिचं तोंड प्रवाहाकडे करून तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. कल्ले हलत राहिले. मग तिने एकदम जोर केला आणि माझे हात रिकामे झाले.

घरी त्या वाटणात बटाटे पडले. काका तीनदा मागून जेवले. मी वही उघडली. पाणी: चहासारखं, उतरतं. वारा: मागून. माशी: झेंडू. चौथ्या रकान्याशी अडले. "नाही" लिहावं तर खोटं, आणि "मिळाला" म्हणावं तर ताटात बटाटे. काकू म्हणाल्या, "लिही, येऊन गेली."

दिवाळीच्या कार्यक्रमात काका-काकूंचा निरोपसमारंभ होता. कोणीतरी विचारलंच, "मग सॅमनकाका, यंदा?"

"मिळाला. सोडून दिला," काका म्हणाले.

सगळा हॉल हसला. "फोटो?" फोटो नव्हता. कॅमेरा गाडीतच राहिला होता, कारण काकू बेल देण्यात गुंतल्या होत्या. "सोडलेला मासा दर वर्षी मोठा होत जातो," कोणीतरी म्हणालं. काकाही हसले आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"सुमनला विचारा," ते म्हणाले. "ती होती."

चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडे वळली. मी उठले. दोन्ही हातांनी लांबी दाखवली. मग पाणी सांगितलं, वारा सांगितला, गोंड्याचं रेशीम सांगितलं, दोन बेल सांगितल्या, डबा आणि बटाटेही सांगितले. हसायचं तिथे सगळे हसले, आणि तिच्या पोटाचं सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. शेवटी टाळ्या झाल्या. आमचे हे मागच्या रांगेत होते. घरी जाताना म्हणाले, "तू एवढं बोलतेस?"

स्टॅनमोरहून काकांचा फोन दर शनिवारी यायचा. "पाणी कसं आहे?" मी खिडकीतून पावसाकडे बघून सांगायची. "मग कोणती?" मी त्याचंही उत्तर द्यायची. नदीवर आम्ही दोघंही जाणार नव्हतो. पण पाण्याला कोणती माशी शोभेल, त्यावर अर्धा तास सहज जायचा. वही माझ्याकडेच राहिली. तिच्या उरलेल्या पानांवर मी हे लिहिते आहे.

काका गेले त्याच्या महिन्याभराने काकूंनी एक चपटा पत्र्याचा डबा पाठवला. चिठ्ठी नव्हती. आत कापसावर दोनच माश्या होत्या, शेजारी शेजारी. काजळ, आणि शेपटी विरलेली झेंडू.

मी डबा तळहातावर धरला. घरात कोणी नव्हतं. तरी मोठ्याने म्हणाले, "झेंडू."