कंबोडियाऐवजी अल् ऐन

सासूबाईंना सत्तरी पूर्ण झाली की कंबोडियातलं ख्मेर राजांचं पुरातन देऊळ दाखवीन, असा शब्द मी नागपूरला भर पंगतीत दिला होता. झाडांच्या मुळांनी कवटाळलेल्या भिंती, हसरे दगडी चेहरे, सगळं त्यांनी फोटोत पाहून ठेवलं होतं. सत्तरी आली, सासूबाई मस्कतला आमच्याकडे आल्या. आमचे अर्बाब (मालक) मात्र माझ्या रजेच्या अर्जावर नुसतं "इन्शाल्ला" म्हणाले. त्याचा अर्थ 'विसर आता' असा असतो, हे आखातात केस पांढरे केलेल्या माणसाला पुरतं कळतं.

म्हणून एका शुक्रवारी मायलेकींना गाडीत घालून मी मस्कतमधल्या अल् खुवैरहून इब्रीच्या दिशेने निघालो. "त्या देवळापेक्षाही जुनं दाखवतो," एवढंच सांगितलं. काय, ते विचारल्यावर "प्राचीन दगडी वास्तू" असं मोघम बोलून एसी वाढवला.

दोन्ही बाजूंना भाजलेल्या वांग्यासारखे डोंगर. शेवटच्या फाट्यानंतर खडी लागली. गाडीचं पोट घासलं, तसं बायकोने, वैशालीने, माझ्या पोटाकडे पाहिलं.

वळणावर जबल मिश्त (कंगव्यासारखा दातेरी डोंगर) उभा राहिला आणि त्याच्यापुढे, अल् ऐन गावाच्या बुटक्या टेकडीवर, ओळीने दगडी कणग्या! चुना नाही, माती नाही, नुसते चपटे दगड एकावर एक रचलेले.

"स्तूपच दिसते जी!" सासूबाईंनी हरखून पिशवीतून मेणबत्ती काढली.

पायथ्याशी शेळ्या राखणारे एक ओमानी आजोबा बसले होते. पाहुण्याला तसंच जाऊ देणं इथल्या रीतीत बसत नाही. त्यांनी खजूर आणि कहवा (वेलदोड्याची बिनसाखरेची कॉफी) पुढे केला.

सासूबाईंनी विचारलं, "बाबा, ये मंदिर किसका है?"

"मंदिर नहीं, माँजी. कबर. सब कबर. बहुत पुराना," ते मोडक्या हिंदीत म्हणाले.

खजुराची बी माझ्या घशात अडकली.

"थडगी?" वैशाली ओरडली. "अहो, आईच्या सत्तरीला थडगी दाखवायला आणलंत?"

सासूबाई मेणबत्ती घेऊन उठल्या. त्या टेकडी चढल्या, एका कबरीच्या बुटक्या दाराशी वाकल्या आणि डोकं आत घालून बराच वेळ पाहत राहिल्या. मी मागे उभा, घशातली बी गिळत.

"जावईबापू," आतून आवाज घुमला, "माप घेऊन आले होते का माह्यं?"

"आई, तसं नाही हो..."

"नाही, जागा चांगली हाय. हवा येते."

मग त्यांनी मेणबत्ती लावली. वाऱ्याने विझली. मला हातांचा आडोसा धरायला लावून पुन्हा लावली आणि डोळे मिटून वंदना म्हटली. "कोणाचे तरी मायबापच असतीन न आत," म्हणाल्या. माझी बोटं भाजली, पण हात काढायची हिंमत झाली नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी नागपूरला फोन लावून सगळ्या भावकीला कळवलं, की जावयाने सासूसाठी जागा पाहून ठेवली आहे. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"पण सांगून ठेवते. ते कंबोडियाचं देऊळ पाहिल्याबिगर मी काई मरत नाही."

घरी पोचताच वैशालीने मला पुन्हा रजेचा अर्ज लिहायला बसवलं. मी दिला. अर्बाब म्हणाले, "इन्शाल्ला."

या खेपेला ते ऐकून मला फार बरं वाटलं.