वैशालीच्या पायावरच्या रेघा

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच टॅटू स्टुडिओत काउंटरवर बसले होते. मुलुंड पूर्वेला, केमिस्टच्या वर, पहिल्या मजल्यावर. फोन सुधीरचा, म्हणजे माझ्या दिराचा, तिच्या नवऱ्याचा. "वहिनी, गेली," एवढंच म्हणाला. आतल्या खोलीत डेरिक एका माणसाच्या पाठीवर गरुड काढत होता. काचेच्या दारातून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि समजायचं ते समजला. सुई थांबली... दोन श्वास असतील. मग तो पुन्हा वाकला आणि पुढचा तासभर त्या गरुडाचा पंख भरत राहिला. गिऱ्हाईकाला कळलंसुद्धा नाही. पंख पुरा झाला, वर प्लास्टिक गुंडाळलं, पाणी कधी लावायचं, ऊन कसं टाळायचं ते सगळं समजावलं, त्याला जिन्यापर्यंत सोडलं, आणि मग तो मढचा सहाफुटी गडी भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. "अर्धवट सोडलं असतं ना काकी, तर मॅडम वरून पण ओरडली असती," असं म्हणाला. खरंच ओरडली असती. एकदा कातडीला सुई लागली की ते काम पुरं होईपर्यंत जगात दुसरं काही घडत नसतं, हा तिचा कायदा.

वैशाली माझी धाकटी जाऊ. माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. रांगेत मी कितीतरी पुढे होते, पण ही बया मधेच घुसली. नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा मी टेलिफोन ऑफिसात हेडक्लार्क होते, आणि त्या काळात मी स्वतःला कोण समजायचे ते देवच जाणे. साडीला मॅचिंग पर्स, आणि घरातल्यांशीसुद्धा सर्क्युलरच्या भाषेत बोलायचं. ही मात्र दुपारभर सासूबाईंच्या पायाशी बसून त्यांच्या हातांवरचं गोंदण वहीत उतरवून घ्यायची. तुळस, पाळणा, पाच टिंबं. सासूबाई कुडाळच्या. त्या तिला सांगायच्या, "सोना-नाणा हयंच रवतला गो, ह्यां मात्र माझ्यावांगडा येतला." गोंदण तेवढं सोबत जातं, असं त्यांचं म्हणणं. मी पदर सावरत म्हणायचे, "वैशाली, त्यापेक्षा टायपिंगचा क्लास लाव." पुढे सुधीरची कंपनी बंद पडली आणि त्याच वहीच्या जोरावर हिने अंधेरीला कुणाकडे तरी टॅटूचं काम शिकून स्वतःचा स्टुडिओ काढला. मी काय केलं? हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना सांगितलं की आमच्या जाऊबाईंनी ब्युटी पार्लर टाकलंय. एकीने विचारलं, "फेशियलचे किती घेते?" मी म्हटलं, "तिथे फक्त हातापायाचं करतात." ही थाप मी अकरा वर्षं चालवली. वैशालीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नंतर तिनेच सांगितलं, "तुमच्यामुळे तीन बायका वॅक्सिंगला आल्या होत्या वहिनी. दोघींना फुलपाखरं काढून पाठवलं."

मी रिटायर झाले, हे गेले, आणि घरात मी आणि टीव्ही उरलो. एक दिवस वैशाली येऊन म्हणाली, "घरी बसून सिरियलमधल्या सुनांना नावं ठेवता, त्यापेक्षा माझ्याकडे या, गिऱ्हाईकांना नावं ठेवा." दोन दिवसांसाठी म्हणून गेले, त्याला आठ वर्षं झाली. माझं काम सोपं. वयाचा पुरावा बघायचा, फॉर्म भरून घ्यायचा आणि पोटात काही आहे का ते विचारायचं, कारण उपाशी माणूस सुई बघून आडवा होतो. दंड फुगवत येणारे पहिलवान मी राजगिऱ्याचा लाडू भरवून आत पाठवलेत.

पण मी थक्क झाले ते दुसऱ्याच गोष्टीने. एका दुपारी वैशालीने सलवार गुडघ्यापर्यंत वर केली, आणि तिची डावी पोटरी बघून मला वाटलं, बाईला काही त्वचेचा रोग आहे की काय. आखूड, वाकड्यातिकड्या काळ्या रेघा. तिच्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाने आधी महिनोन्‌महिने रबराच्या कातडीवर सराव करायचा, आणि खऱ्या माणसाच्या अंगावरची पहिली रेघ काढायची ती वैशालीच्या पायावर. डेरिकची जाड रेघ तिथे होती. काम शिकून वसईला स्वतःचं दुकान काढलेल्या एकाचीही होती. "अगं, जन्माची राहणार ती!" मी म्हटलं. तर म्हणाली, "राहू दे की. गिऱ्हाईक आपली कातडी भरवशाने देतं वहिनी. तिच्यावर शिकायचं नाही." ऑफिसात माझ्या हाताखाली बारा माणसं होती. त्यांच्या चुका मी लाल शाईने गोल करायचे. या बाईने आपल्या माणसांच्या चुका स्वतःच्या अंगावर काढून घेतल्या होत्या... त्या दिवशी मला माझ्या लाल पेनाची लाज वाटली.

दीड वर्षापूर्वी तिचं दुखणं कळलं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही, तिनेही मागितली नाही. तिला एकच काळजी होती. आपल्यामागे स्टुडिओ चालला पाहिजे, चार माणसं एकत्र राहिली पाहिजेत. सुधीरचं म्हणणं, गाळा भाड्याने द्यावा. डेरिकने सरळ हात वर केले, "सुई चालवीन मॅडम, माणसं नाही चालवणार." वैशालीने मनात धरली होती रूपालीला. घाटकोपरची ही मुलगी पूर्वी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. हात असा, की बघत राहावं. पण स्वभावाने भित्री. आणि नेमकी तिच्याच हातून एक चूक झाली.

सत्तरीचे एक काका आले होते. बायकोला जाऊन वर्ष झालेलं. तिने शेवटी फ्रिजवर लावलेली चिठ्ठी त्यांनी पाकिटातून काढली. "दूध गॅसवर आहे, लक्ष ठेवा." एवढंच. तिच्या अक्षरात ते मनगटाच्या वर हवं होतं. रूपालीने काना न्‌ काना तसाच उतरवला. आता या धंद्यातला नियम असा की हात खाली सोडला की अक्षरं समोरच्याला सुलटी दिसली पाहिजेत. म्हणजे स्वतःला ती उलटी दिसतात. रूपालीने नियमाने केलं. आधी कागदाचा छाप उठवून काकांना दाखवलाही होता. ते "ठीक" म्हणाले, कारण त्यांचा चष्मा पडेल म्हणून मी काउंटरवर काढून ठेवला होता! माझा आगाऊपणा, दुसरं काय. काम झाल्यावर मी चष्मा दिला. काकांनी हात डोळ्यांसमोर धरला, फिरवला, पुन्हा फिरवला, आणि अगदी हळू म्हणाले, "मला वाचता येत नाही हो..."

रूपालीने सुया आवरल्या, खुर्ची पुसली आणि बॅग उचलून गेली. दुसऱ्या दिवशी फोन बंद. तिसऱ्या दिवशी वैशाली डोक्याला स्कार्फ बांधून काउंटरसमोर उभी. केमोला पाच दिवस झाले होते, पाण्याचा घोट ठरत नव्हता. "रिक्षा बोलवा वहिनी." मी म्हटलं, "वेडी आहेस का?" तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ. पार्लर सांभाळा." गेले मुकाट्याने तिच्याबरोबर. आधी घाटकोपर. रूपालीला तिने समजावलं नाही की रागावली नाही, "चप्पल घाल, चल," म्हणाली. मग काकांचं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर वैशाली पायरीवर बसायची, श्वास घ्यायची, उठायची. तिच्या मागे रूपाली रडत, रूपालीच्या मागे मी दोघींच्या पर्सा घेऊन. अशी आमची वरात.

काकांनी दार उघडलं. वैशालीने हात जोडले. "चूक माझी. हे कोणाला वाचायचंय, असं विचारायला मीच शिकवलं नव्हतं." काकांनी आम्हाला आत बसवलं. मग म्हणाले, "हा हात असाच राहू दे. बसस्टॉपवर एक बाई वाचून हसली, मग मीही हसलो. दुसऱ्या हातावर माझ्यासाठी लिहून द्या. पण हिनेच लिहायचं. हिचं वळण तंतोतंत आमच्या हिच्यासारखं येतं."

"मला नाही जमणार, माझा हात थरथरतोय," रूपाली म्हणाली. त्यावर वैशालीने त्या परक्या घरात, सोफ्यावर बसून, सलवार वर केली आणि पोटरीवरची सगळ्यात वाकडी रेघ दाखवली. "ही कोणाची गं?" रूपालीने मान खाली घातली. "माझी." "त्या दिवशी थरथरत नव्हता हात? मी पाय मागे घेतला?"

काका पंधरा दिवसांनी आले. या खेपेला चष्मा मी स्वतः त्यांच्या नाकावर चढवला. काम झाल्यावर त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, तीनदा. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढलाय, "हे कोण वाचणार?" लोक आधी हसतात, मग थांबतात, आणि त्यांतले काही जण चक्क घरी जाऊन विचार करून येतात. आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवायची हिंमत माझ्या सगळ्या ऑफिसात नव्हती.

वैशालीला नेताना तिच्या पायांना तूप लावायचं माझ्या वाट्याला आलं. डाव्या पोटरीवर माझा हात बराच वेळ राहिला. सासूबाई म्हणायच्या तसं तेवढंच तिच्याबरोबर गेलं.

तेरावं झालं तरी रूपालीचं "काकी, मला नाही जमणार" चालूच होतं. सुधीरने मोबाइलवाला भाडेकरू बघितला आणि सोमवारी त्याला गाळा दाखवायला आणला. मी सकाळीच जाऊन स्टुडिओ उघडला होता. आतल्या खोलीत, खुर्चीच्या समोर वैशालीचा मोठा फोटो लावला, झेंडूचा हार घातला, उदबत्ती पेटवली. म्हटलं, शेवटचा दिवस असला तर तिच्यासमोर असू दे. भाडेकरू टेप घेऊन भिंत मोजत होता, तेवढ्यात रूपाली आली. तिने हातमोजे चढवले, आत गेली आणि दारातच थांबली.

"काकी, हे कोणी केलं?"

"मी. का गं?"

"फुलांची घाण पडते. उदबत्तीची राख उडते. सुईच्या खोलीत हार? मॅडमनी तुम्हाला आत्ताच्या आत्ता बाहेर काढलं असतं." आवाज चढला नव्हता, पण मी काउंटरमागच्या खुर्चीतून उठले होते. "फोटो बाहेर न्या. खोली पुन्हा पुसायला लागेल. आणि सर, ती टेप भिंतीला लावू नका, आत्ताच सॅनिटाइझ करायचीय."

मोबाइलवाल्याने टेप गुंडाळली. सुधीर माझ्याकडे बघत राहिला, मग रूपालीकडे, आणि त्या माणसाला म्हणाला, "चला, खाली चहा घेऊ." तो गृहस्थ पुन्हा वर आला नाही.

मी हार काढला, फोटो छातीशी धरून बाहेर आणला. आत रूपाली खुर्ची पुसत होती. आधी पाठ, मग हात, मग खालची फट, वैशाली पुसायची त्याच क्रमाने. नवं प्लास्टिक ताणून बसवलं, त्यावरून एकदा तळवा फिरवला.

"झालं का मॅडम?" मी दारातून विचारलं. चेष्टेनेच विचारलं होतं.

तिने वर बघितलंसुद्धा नाही. "पाठवा पुढच्यांना," म्हणाली.