ज्याची त्याची पेटी

"तिले सांग, टपाल घराचं असते, एकट्या माणसाचं नसते," उद्धवराव म्हणाले.

सून पंचफुला चार हातांवर, दुकानातल्या कम्प्युटरसमोर बसलेली. पण सासऱ्याशी थेट बोलायची घरात रीत नव्हती. म्हणून कौशल्याबाई मधे मेथी निवडत बसल्या होत्या आणि इकडचे निरोप तिकडे करत होत्या.

"ते म्हणतेत, टपाल घराचं असते."

"मामाजींना म्हणा, मग उत्तरबी घरानंच लिहावं."

हा निरोप कौशल्याबाईंनी गिळला. अशा गिळलेल्या निरोपांवरच आदिलाबादच्या या बियाण्यांच्या दुकानामागचा संसार वर्षानुवर्षं सुरळीत चालला होता.

थोरला मुलगा देवाजी, पंचफुलाचा नवरा, हैदराबादला नोकरीला. त्यानं जुना कम्प्युटर पाठवला, पंचफुलानं त्यावर लिनक्स ही फुकटात मिळणारी सिस्टिम घातली. संध्याकाळी एकदा फोन जोडायचा, सगळ्यांचं ईमेलचं टपाल आणायचं, मग मशीननं ते वाटायचं. वाटायचं काम कोणत्या प्रोग्रामला द्यायचं, यावर आठवडाभर घर पेटलं होतं. सेंडमेल नावाचा प्रोग्राम लिनक्सच्या सीडीतच आलेला. तो सगळ्यांचं टपाल एकाच जागी ठेवी, आणि उद्धवरावांना तर त्या जागेवर आपलं एकच नाव हवं होतं. पंचफुलाच्या मनात दुसरा, क्यूमेल. तो वेगळा आणावा लागला, मशीनवर बसवताना दोनदा फसला. पण ज्याचं पत्र त्याच्याच कप्प्यात टाकी.

"किल्ली कोणाकडं राहीन, ते विचार तिले."

"माझ्याकडं," पंचफुला म्हणाली. "मनात आणलं तर कोणाचंबी उघडू शकते. पण उघडणार नाही."

तिनं हे लपवलं नाही, ते कौशल्याबाईंना आवडलं.

उद्धवराव माणूस वाईट नव्हता. आलेलं पत्र जेवताना मोठ्यानं वाचायचे, रेडिओवर बातम्या द्याव्या तसा. मागच्या महिन्यात पंचफुलाच्या बहिणीचं आलं: सासरी जमत नाही, थोडे दिवस येऊ का? "येऊ दे की," उद्धवराव वाढलेल्या ताटावरून सगळ्यांदेखत म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. पत्र असं सगळ्यांसमोर वाचलं गेल्याचं बहिणीच्या कानावर गेलं. ती आली नाही, पुन्हा लिहिलंही नाही.

कौशल्याबाईंच्या आईनंही एकदा विचारलं होतं, जावईबापूंचा राग उतरतो का गं? तेही असंच पंगतीत वाचलं गेलं. सासरची माणसं पोट धरून हसली. त्यानंतर आई मरेपर्यंत फक्त पावसाचं आणि म्हशीच्या वेताचं लिहीत राहिली.

"काऊन गप्प बसली? सांग तिले, पेटी एकच, माझ्या नावाची."

कौशल्याबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"नाही सांगत. पंचफुला, तुझावालाच घाल. यांची एक पेटी, देवाजीची एक, तुझी एक. माझीबी एक कर."

"तुले इंग्रजी अक्षर तरी येते का?" उद्धवराव म्हणाले. "अन् तुले लिहून राह्यलं कोण?"

"माझ्या पेटीत कोणाचं आलं, ते तुमाले कळायचं कारण नाही. पंचफुला वाचून दाखवीन. दार लावून."

पंचफुला हसू दाबत कीबोर्डकडे वळली. उद्धवराव सवयीनं बायकोकडे पाहून म्हणाले, "तिले सांग..."

"तुमीच सांगा," कौशल्याबाई मेथी उचलून आत निघाल्या. "आजपासून दोघंबी थेट बोला. मी निरोप नेणार नाही."